मावळांतील महाशीर

पुणें-मुंबईच्या मंडळींना लोणावळें कांहीं नवें नाहीं. उन्हाळ्याची सुटी लागली कीं मुलांबाळांसह चार दिवस हवापालटास जाणारे, आषाढ-श्रावणांत धबधबे पाहावयास धांवणारे आणि परततांना चिक्कीचे पुडे घेऊन गाडींत बसणारे असे तिन्ही प्रकारचे प्रवासी आपल्या घरोघरीं सांपडतात. कार्ले-भाजें येथील लेणीं, लोहगड-विसापूरची जोडी, राजमाची, नागफणी हीं स्थळें बहुतेकांनीं पाहिलेलीं, निदान त्यांचीं वर्णनें तरी वाचलेलीं असतात. म्हणून प्रस्तुत लेखांत वाचकांस गडावर किंवा लेण्यांत न नेतां मी पाण्याकडे नेणार आहें. आणि तेंही पावसाळ्यांतील कोसळत्या पाण्याकडे नव्हे, तर मार्गशीर्ष-पौषांतील निवांत, थंडगार पाण्याकडे. त्या पाण्याखालीं एक मोठा मानी रहिवासी राहतो. त्याला पकडणारे आणि त्याला वांचविणारे यांची गांठ कशी पडली, आणि त्यांच्या सदिच्छेचा फटका दूरच्या एका नदीस कसा बसला, ही हकीगत लोणावळ्यास वारंवार जाणाऱ्यांस देखील सहसा ठाऊक नसते.

मावळ म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेलीं नद्यांचीं खोरीं. पवनेच्या कांठचें तें पवन मावळ, आंद्रेच्या कांठचें तें आंदर मावळ, आणि त्यांच्या शेजारचें नाणे मावळ. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंच असून तेथें वर्षास दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. हें सारें पाणी पूर्वीं इंद्रायणींतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस मिळून अखेर बंगालच्या उपसागरास जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं टाटांच्या वीज कंपनीनें या पाण्याचा बराच भाग अडवून त्यास उलट्या दिशेनें वळविलें. १९११ सालीं लोणावळ्यास या कामाची कोनशिला बसली आणि १९१५ सालीं खोपोलीच्या वीजगृहांतून मुंबईस वीज जाऊं लागली. लोणावळें, वळवण आणि शिरोता या तलावांचें पाणी घाटाच्या कड्यावरून मोठमोठ्या नळांतून सुमारें सतराशें फूट खालीं उतरतें, चक्रें फिरवितें आणि कोंकणांत जाऊन अरबी समुद्राची वाट धरतें. पुढें १९२२ सालीं आंद्रेवरील ठोकरवाडीच्या धरणाचें पाणी भिवपुरीस, आणि १९२७ सालीं शेजारच्या मुळशीचें पाणी भिऱ्यास उतरूं लागलें.

मुळशीच्या लोकांनीं आपल्या जमिनी पाण्याखालीं जाऊं नयेत म्हणून १९२१ पासून सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं केलेला सत्याग्रह महाराष्ट्राच्या इतिहासांत नमूद आहे. माणसांना निदान गाऱ्हाणें मांडतां आलें. नदींतल्या माशांना ती सोय नव्हती. धरणानें त्यांचा रस्ताच बंद केला, आणि हें कोणाच्या ध्यानींमनींही आलें नाहीं. त्यांतल्या त्यांत ज्याचें जीवन रस्त्यावरच अवलंबून होतें तो मासा म्हणजे महाशीर.

महाशीरास आपल्याकडे खडशी असेंही म्हणतात. त्याची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती पुण्याच्या परिसरांतील नद्यांवरूनच. मुंबई सरकारच्या नोकरींतील कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा दख्खनची पाहणी करीत असतां येथील नद्यांतले मासे जमवीत असे. त्याचा एक विशेष असा कीं, माशांस नांवें देतांना त्यानें येथील लोकांच्या तोंडचींच नांवें उचललीं. त्यामुळें कोळस, बोगट, फुलंगी, नुक्ता हीं आपल्या नदीकांठचीं नांवें युरोपांतील ग्रंथांत जशींच्या तशीं जाऊन बसलीं. 'खुद्री' हें त्यांतलेंच एक. १८३९ सालीं तें प्रसिद्ध झालें, आणि आजही जगांतील कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महाशीरास 'टॉर खुद्री' याच नांवानें ओळखतो.

दिसावयास हा मासा मोठा राजबिंडा. पाठ काळपट-हिरवी, कुशी रुपेरी, त्यांवर सोनेरी झांक, आणि पर निळसर. मोठ्या माशाचा एकेक खवला रुपयाहूनही रुंद. ओठ जाड, तोंडाशीं मिशांच्या दोन जोड्या. जबड्यांत दांत नाहींत, ते घशांत आहेत. आणि गिळलेल्या शिंपल्या-खेंकड्यांचा तेथें चुरा होतो. खाण्याच्या बाबतींत त्याचा सोंवळेपणा मुळींच नाहीं. किडा, गोगलगाय, लहान मासा, शेवाळ, इतकेंच काय पण कांठावरच्या झाडाचें पाण्यांत पडलेलें उंबर, सर्व कांहीं त्यास चालतें. पाण्याच्या बाबतींत मात्र तो कमालीचा सोंवळा आहे. त्याला पाणी वाहतें हवें, स्वच्छ हवें, तळाशीं दगडगोटे हवेत. पावसाळ्यांत नदी दुथडी भरली कीं नर-माद्या प्रवाहाच्या उलट पोहत वर वर चढतात आणि डोंगरालगतच्या ओढ्यांच्या तोंडाशीं अंडीं घालतात. इतर कार्पवर्गीय माशांच्या मानानें हीं अंडीं थोडीं पण मोठीं असतात. पिवळसर नारिंगी रंगाचीं, तळाशीं गोट्यांमध्यें जाऊन बसणारीं. अंड्यांतून निघालेलें पिल्लूं पहिले कांहीं दिवस पोटाशीं असलेल्या शिदोरीवर जगतें आणि एखाद्या कोपऱ्यांत अंग चोरून पडून राहतें. म्हणजे चढावयास मोकळी वाट, निर्मळ पाणी आणि लपावयास गोटे, या तीन गोष्टींपैकीं एक जरी गेली तरी वंशवृद्धि थांबली. धरणांनीं वाट गेली, गांवांच्या सांडपाण्यानें निर्मळपणा गेला, आणि वाळू-गोटे उपसणारांनीं बाळंतिणीची खोलीही नेली!

आतां या माशाच्या मागें लागलेल्या माणसांकडे वळूं. गळ टाकून मासा धरण्याचा छंद इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. राजानें मनोरंजन कसें करावें हें सांगतांना त्यानें हत्ती, घोडे, मल्ल, नृत्य, गीत यांच्याबरोबर 'मत्स्यविनोद' असें एक प्रकरण घातलें आहे. माशांचे प्रकार, त्यांचीं राहण्याचीं ठिकाणें, कोणत्या माशास कोणतें आमिष, दोरी कसली आणि गळ कसा, याचा त्यांत विचार आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादून छापला, आणि १९५१ सालीं सुंदरलाल होरा या नामांकित मत्स्यशास्त्रज्ञानें मत्स्यविनोदाचा परामर्श घेऊन त्यांतील माहितीचें मोल दाखवून दिलें. तेव्हां या खेळाचें शास्त्र आपल्याच भूमींत आठशें वर्षांपूर्वीं लिहिलें गेलें होतें, हें विसरूं नये.

इंग्रजांनीं मात्र या छंदास नवें वेड लावलें. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें महाशीरास विलायतेच्या सामन माशाहूनही वरचा मान दिला आहे. त्या काळच्या विलायती शिकाऱ्यानें असें म्हणणें म्हणजे आपल्याकडील एखाद्या गवयानें दुसऱ्या घराण्याची तान उघडपणें वाखाणण्यासारखें आहे. १९४६ सालीं म्हैसूरजवळ कबिनी नदींत व्हॅन इंगेन नांवाच्या गृहस्थानें १२० पौंडांचा महाशीर गळानें काढला. गळास लागलेल्या महाशीरांच्या विक्रमांत त्याची गणना होते.

हिंवाळ्यांतील पाण्याची गोष्ट निराळी. मासा हा थंड रक्ताचा प्राणी; भोंवतालचें पाणी जितकें थंड तितकें त्याचें अंगही थंड. पुसाच्या रात्रीं मावळांत हवा चांगलीच गारठते. तलावाच्या पृष्ठावरील थर निवतो, जड होतो आणि खालीं बसतो; त्याच्या जागीं खालचें पाणी वर येतें. अशा वेळीं माशाचें पचन मंदावतें, भूक मंदावते, आणि तो उगाच धांवपळ न करितां खोल डोहांत किंवा खडकाच्या आडोशास स्थिर राहतो. उन्हाळ्यांत गळ टाकणारा पहांटे उठून कांठ गांठतो. हिंवाळ्यांत त्याला तशी घाई करण्याचें कारण नाहीं. दहा-अकराच्या सुमारास कांठच्या उथळ पाण्यावर ऊन पडून तें किंचित् ऊबदार होतें. तेव्हां मासा खोलांतून वर येऊन तेथें जरा हिंडतो. त्या घटकेची वाट पाहणें हीच हिंवाळी गळाची सारी विद्या होय. आमिष लहान हवें, तें तळाजवळून आणि अगदीं सावकाश हलावयास हवें. कणकेचा किंवा नाचणीचा गोळा असो, नाहीं तर माशाच्या आकाराचा चकचकीत चमचा असो, तो ओढण्याची उतावीळ केली कीं मासा मानही वळवीत नाहीं. आणि दोरीस जो हिसका बसावयाचा तो उन्हाळ्यासारखा जोराचा नसतो. गवताचें पान अडकावें इतकाच भास होतो. तो ज्याच्या बोटांना कळला त्याच्या हातीं मासा लागला.

थंड पाण्याचा आणखी एक गुण आहे. पाणी जितकें थंड तितका त्यांत विरघळलेला प्राणवायु अधिक राहतो. त्यामुळें हिंवाळ्यांत गळास लागून दमलेला मासा पाण्यांत परत सोडला तर लवकर सांवरतो; वैशाखांतील तापल्या पाण्यांत तोच मासा पुष्कळदा दगावतो. म्हणजे हिंवाळ्यांत मासे मिळतात थोडे, पण मिळाले ते सोडल्यावर जगण्याचा संभव जास्त. या एका गोष्टीवर आजच्या गळाच्या खेळाची सारी नीति उभी आहे, असें म्हटलें तरी चालेल.

कारण गळ टाकण्याच्या या खेळाच्या आतां मोठमोठ्या स्पर्धा होतात, आणि त्यांत मासा मारावयाचा नसतो. या बाबतींत अमेरिकेची हकीगत सांगण्यासारखी आहे. तेथील गोड्या पाण्यांत बास नांवाचा मासा आहे. अलाबामा संस्थानांतला विम्याचा एक विक्रेता रे स्कॉट यानें १९६७ सालीं अर्कान्सांतील बीव्हर तलावावर बास धरण्याची स्पर्धा भरविली आणि पुढें त्यासाठीं एक मंडळच काढलें. १९७१ सालीं नेवाडांतील मीड तलावावर त्या मंडळाची मोठी स्पर्धा झाली. चोवीस स्पर्धक विमानांत बसले तेव्हां आपण कोणत्या तलावावर जात आहों हें त्यांस ठाऊक नव्हतें. तें आकाशांतच सांगण्यांत आलें. बॉबी मरे नांवाच्या स्पर्धकानें ती स्पर्धा जिंकून दहा हजार डॉलर मिळविले. परंतु शेंकडों लोक एकाच तलावावर तुटून पडूं लागल्यावर मासे शिल्लक कसे राहणार, हा प्रश्न लौकरच उभा राहिला. तेव्हां स्कॉटनें १९७२ पासून नियम घातला कीं धरलेला मासा जिवंत ठेवावा, जिवंतच तोलावा आणि पाण्यांत परत सोडावा. होडीच्या पोटांत खेळत्या पाण्याची टांकी आली, आणि मेलेला मासा आणणाऱ्याचें वजन कापलें जाऊं लागलें. आज तेथें कित्येक लोकांचा हाच चरितार्थ आहे. वर्षांतून कित्येक महिने घरापासून दूर, पहांटेच्या थंडींत हात बधिर झालेले, आणि शेवटीं तराजूवर दोन छटांकांच्या फरकानें हार! असल्या जिण्यांत टिकतो तो बहुधा ताकदीचा माणूस नव्हे. टिपणवही नीट ठेवणारा माणूस टिकतो. कोणत्या दिवशीं, कोणत्या वाऱ्यांत, किती खोल पाण्यांत, कोणत्या आमिषास, केवढा मासा लागला, हें सारें तो लिहून ठेवतो. आपल्याकडेही मुंबईस पवईच्या तलावाकांठीं महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था हा छंद जोपाशीत आली आहे.

येथें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत एक शंका आल्यावांचून राहणार नाहीं. ज्यांच्या स्वयंपाकघरांत मासा कधीं शिरलाच नाहीं अशा घरांत हा लेख वाचला जाईल. तेथील आजीबाई चष्म्यावरून पाहून विचारतील, "खावयाचा नाहीं, तर त्या मुक्या जिवाच्या तोंडांत कांटा अडकवावयाचा तरी कशाला?" प्रश्न अगदीं रास्त आहे, आणि त्याचें पुरें समाधान करणारें उत्तर गळवाल्यांजवळ आहे असें मला वाटत नाहीं. मासा सोडला म्हणून त्यास झालेली इजा भरून निघत नाहीं. कांट्याचें उलटें टोंक काढून टाकावें, कोरड्या हातानें माशास स्पर्श करूं नये, कल्ल्यांत बोट घालून त्यास उचलूं नये, पाण्यांतच धरून तो आपणहोऊन निसटेपर्यंत थांबावें, असे नियम चांगले गळवाले पाळतात. तरीही इजा ती इजाच. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नदीवर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. कोणास वीज हवी, कोणास वाळू हवी, कोणास सांडपाणी सोडावयास जागा हवी. कोणी तर डोहांत सुरुंग उडवून किंवा विष कालवून एका घटकेंत सारा डोह ओसाड करतात. १८९७ च्या कायद्यानें हा गुन्हा ठरला असूनही ती रीत नाहींशी झालेली नाहीं. अशा वेळीं त्या नदींत मासा आहे कीं नाहीं, असल्यास केवढा, कालच्याहून कमी कीं अधिक, हें वर्षानुवर्षें कांठावर बसून पाहणारा माणूस विरळा. गळवाल्याची टिपणवही ही पुष्कळदा नदीची एकमेव जन्मपत्रिका असते. ती किती उपयोगी पडते हें आतां सांगतों.

लोणावळ्याच्या वळवण तलावाकांठीं टाटांच्या वीज कंपनीचें महाशीराच्या बीजोत्पत्तीचें केंद्र आहे. सरकारच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनीं १९७० च्या सुमारास येथें महाशीराच्या अंडीं घालण्याच्या संवयींचा बारकाईनें अभ्यास केला, आणि पुढें डॉ. शशांक ओगले यांनीं तें काम अनेक वर्षें चालविलें. पावसाळ्यांत, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, ओढ्यांच्या तोंडाशीं येणाऱ्या पक्व नर-माद्या अलगद धरावयाच्या. मादीच्या पोटावरून हलकेच हात फिरवून अंडीं पसरट भांड्यांत घ्यावयाचीं. त्यांवर नराचें रेत मिसळावयाचें. आणि मग तीं अंडीं सतत खेळत्या स्वच्छ पाण्यांत ठेवावयाचीं. पाणी वाहतें ठेवण्यांत हयगय झाली तर अंड्यांवर बुरशी चढते. सुमारें तीन दिवसांत पिल्लें बाहेर पडतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत एकमेकांस बिलगून बसतात. धरणानें जें काम नदीच्या हातून काढून घेतलें तें माणसांनीं असें आपल्या हातीं घेतलें. कुलकर्णी आणि ओगले यांनीं आणखी एक युक्ति काढली. पिल्लें पाण्यांतून दूर पाठविणें अवघड आणि खर्चाचें. म्हणून त्यांनीं फलित अंडींच ओल्या कापसाच्या थरांत गुंडाळून विमानानें पाठवून पाहिलीं, आणि तीं सुखरूप पोंचलीं. केळीच्या पानांत गुंडाळून मोगऱ्याच्या कळ्या परगांवीं पाठवाव्या, तसाच हा प्रकार!

एवढा सायास करून वाढविलेलें हें बीज अनेक प्रांतांत गेलें. गळवाल्यांच्या संस्थांनींही तें आनंदानें नेलें. कर्नाटकांतील कावेरीवर महाशीराच्या शिकारीसाठीं देशोदेशींचे लोक येत. तेथील मासे कमी होऊं लागले म्हणून लोणावळ्याचीं पिल्लें तिच्यांत सोडण्यांत आलीं. हेतु निर्मळ होता. मासा कमी आहे, आपण भर घालूं. पिल्लें जगलीं, वाढलीं, फोंफावलीं. सर्वांस समाधान वाटलें.

पुढें इंग्लंडांतील आणि केरळांतील कांहीं अभ्यासकांनीं कावेरीवरील गॅलिबोर येथील गळवाल्यांच्या नोंदी मागवून घेतल्या. १९९८ ते २०१२ या काळांतील त्या नोंदींत २३,६२० तासांचे श्रम आणि ६,१६१ महाशीर लिहिलेले होते. लहानांत लहान एक पौंडाचा आणि मोठ्यांत मोठा १०४ पौंडांचा. वरवर पाहतां चित्र आनंदाचें होतें, कारण दर तासास लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती. परंतु वह्या नीट वाचल्यावर दिसून आलें कीं वाढले होते ते निळ्या पराचे मासे, म्हणजे आपले दख्खनचे पाहुणे. आणि कावेरीचा जो मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला अवाढव्य महाशीर, ज्याच्या जातीनें कबिनींतील तो विक्रम घडविला, तो मात्र वर्षागणिक दिसेनासा होत चालला होता. त्या बिचाऱ्याला तोंवर बिनचूक शास्त्रीय नांवही मिळालें नव्हतें! तो 'टॉर रेमादेवी' या जातीचा आहे हें २०१८ सालीं ठरलें, आणि त्याच वर्षीं अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादींत त्याचें नांव चढलें. लोणावळ्याच्या खुद्रीचें नांवही एके काळीं संकटग्रस्तांत होतें. आतां त्यावरील संकट बरेंच ओसरल्याचें तज्ज्ञ मानतात. एका नदीचा मासा वांचला, आणि त्याच्याच वांचण्यानें दुसऱ्या नदीच्या माशावर मरणाची छाया आली. कावेरीच्या माशाच्या नाशास नुसता हा पाहुणाच कारण झाला असें नव्हे; धरणें, वाळूउपसा आणि सुरुंग हे तेथेंही आहेतच. पण आधींच अशक्त झालेल्या घरांत दांडगा पाहुणा ठेवला म्हणजे घरधन्याचें काय होतें, हें त्या वह्यांनीं दाखवून दिलें. आणि ध्यानांत घ्या, हें सत्य उजेडांत आलें तें कोणा सरकारी अहवालांतून नव्हे. मासा धरून, तोलून, लिहून, परत सोडणाऱ्या छांदिष्ट माणसांच्या टिपणवहींतून.

यावरून जो बोध घ्यावयाचा तो सोपा आहे, पण पाळावयास कठीण. भूतदया नुसती उदार असून चालत नाहीं. ती माहितगार असावी लागते. पाण्यांत कोणताही मासा सोडला म्हणजे पुण्य लागलें, ही समजूत आपल्याकडे अजून पुष्कळ आहे. एखादा सण आला कीं बाजारांतून मासे विकत आणून तळ्यांत किंवा नदींत सोडणारे भाविक आढळतात. मत्स्यालयांतील परदेशी मासे कंटाळा आल्यावर विहिरींत नेऊन टाकणारीं घरेंही आहेत. त्या माशानें त्या पाण्यांतल्या मूळच्या रहिवाशांचें काय होईल, हें कोणी विचारीत नाहीं. ज्या नदीचें बीज त्याच नदींत वाढावें, एवढा एक नियम जरी पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

याच्या उलट, कांहीं न सोडतां आणि कांहीं न धरतां मासे राखण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. रायगड जिल्ह्यांत महाडच्या बाजूस काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. तेथील महाशीर वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं. लोक त्यांना खाऊ घालतात. इंद्रायणीच्या कांठीं देहूसही तेंच. तुकोबांच्या गांवच्या डोहांतील माशांना वारकरी हातानें कणकेचे गोळे आणि लाह्या घालतात, आणि त्यांवर जाळें टाकण्याचें मनांतही आणीत नाहींत. जें काम कायद्याच्या कलमांस जमलें नाहीं तें श्रद्धेनें शतकानुशतकें केलें. परंतु श्रद्धेचाही हात कोठवर पोंचणार? जाळें ती अडवूं शकते. पाण्यांतून येणारें विष तिला अडवितां येत नाहीं. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटावर इंद्रायणीस पांढरा फेंस चढलेला सर्वांनीं पाहिला आहे, आणि देहूच्या डोहांत मासे मरून तरंगल्याच्या वार्ताही आल्या आहेत. लोणावळ्याच्या डोंगरांत जी नदी कांचेसारखी स्वच्छ उगम पावते, तिची आळंदीपर्यंत, फार झालें तर तीन-साडेतीन दिवसांच्या पायीं वाटेंत, ही दशा होते.

तेव्हां पुढल्या हिंवाळ्यांत लोणावळ्यास जाणें झालें तर वाचकांनीं एक दिवस या पाण्यासाठीं राखून ठेवावा. धरणांच्या आवारांत जावयाचें तर परवानगी लागते, ती आधीं काढावी. परवानगी न मिळाली तरी हरकत नाहीं. आंदर मावळांत किंवा पवनेच्या खोऱ्यांत उतरलें कीं पाणी डोळ्यांसमोर असतें. पवनेवरील धरण हें बरेंच अलीकडचें, १९७२ च्या सुमारास पुरें झालेलें. त्याच्या कांठावरून तुंग-तिकोन्याचीं प्रतिबिंबें पाहण्यासारखीं असतात. सकाळची थंडी ओसरून ऊन जरा चढलें कीं कांठावर निमूट बसावें. मुलांनीं दगड मारूं नयेत, आणि खाऊचे कागद पाण्यांत टाकूं नयेत. हातीं गळ असण्याची कांहीं जरुरी नाहीं. वही मात्र असावी. कोणता पक्षी आला, कोठें मासा उसळला, पाणी कसें होतें, ओढा वाहता होता कीं कोरडा, एवढें लिहून ठेवावें, आणि पुढल्या वर्षीं त्याच जागीं, त्याच महिन्यांत पुन्हां लिहावें.

आपल्या घरांतून जमाखर्चाच्या वह्या, पंचांगें, वंशावळी पिढ्यान् पिढ्या जपून ठेवण्याची रीत आहे. त्यांच्या शेजारीं मावळांतल्या एखाद्या ओढ्याची चार ओळींची नोंदवही राहिली तर फळीवर जागा फार अडणार नाहीं. कावेरीचा घरधनी जातां जातां कोणाच्या ध्यानींही आला नसता. तो निदान कागदावर तरी सांपडला, आणि आतां त्याला वांचविण्याची खटपट करणारी माणसें आहेत. इंद्रायणीचा खुद्री अजून आपल्या पाण्यांत आहे. तो गेल्यावर त्याची आठवण लिहिण्यापेक्षां, तो असतांनाच त्याचा हिशेब ठेवणें हें अधिक शहाणपणाचें होय.